तुंब्यावरची अक्षरे : वारशाने आलेल्या लाकडी प्रोपेलरची ओळख

पहिल्या महायुद्धात उडालेल्या जवळजवळ प्रत्येक विमानाचा पंखा, म्हणजेच त्याला पुढे ओढणारा किंवा मागून ढकलणारा प्रोपेलर, लाकडाचा होता. त्या विमानांच्या चौकटी, कापड आणि इंजिने बहुतांशी नष्ट झाली, तरी उत्तम लाकूड, देखणी घडण आणि भिंतीवर टांगण्याची सोय यांमुळे प्रोपेलर मात्र मोठ्या संख्येने टिकून राहिले आणि अनेक देशांतील कुटुंबांत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहिले. असा प्रोपेलर वारशाने येतो तेव्हा त्याच्याबरोबर बहुधा एक कहाणीही येते. तो अमुक पूर्वजाच्या विमानाचा, अमुक मोहिमेतला, अमुक अपघातातून वाचलेला, असे सांगितले जाते. तोंडी चालत आलेल्या कहाणीत नावे आणि वर्षे सरकत जातात, परंतु लाकडावर ठोकलेले अंक सरकत नाहीत. त्यामुळे प्रोपेलरची ओळख पटवताना वस्तूपासून सुरुवात करून कहाणीकडे यावे लागते, आणि या वाटेने गेल्यास हाती लागणारा इतिहास वैमानिकांचा असतो त्याहून अधिक लाकूड तासणाऱ्या कारागिरांचा असतो.

प्रोपेलरचे शास्त्र विमानाइतकेच नवे होते. राइट बंधूंनी १९०३ च्या विमानाची तयारी चालवली तेव्हा जहाजांच्या मळसूत्री पंख्याविषयीचे ज्ञान आपल्या कामी येईल अशी त्यांची अपेक्षा होती. परंतु त्या क्षेत्रातही नियमांपेक्षा अनुभवावरच भर असल्याचे दिसून आल्यावर त्यांनी स्वतःच विचार करून असे ठरवले की प्रोपेलरचे पाते म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच होय, आणि पंखावर जशी उचल निर्माण होते तशीच पात्यावर पुढे नेणारी ओढ निर्माण होते. या विचारानुसार त्यांनी स्प्रूस या हलक्या सूचिपर्णी लाकडाचे थर एकमेकांना चिकटवून सुमारे साडेआठ फूट व्यासाचे दोन प्रोपेलर हाताने तासले. एकाच इंजिनावरून साखळ्यांनी चालणारे हे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांना फिरत आणि इंजिनाच्या शक्तीपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग ओढीच्या रूपाने परत देत. त्यानंतर सहा वर्षांनी, २५ जुलै १९०९ रोजी, लुई ब्लेरिओ याने इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्याच्या विमानावर पॅरिसच्या ल्युसिआँ शोव्हिएर या अभियंत्याचा ‘इंतेग्राल’ नावाचा अक्रोडाच्या लाकडाचा प्रोपेलर होता. त्या यशाने लाकडी थरांच्या प्रोपेलरला युरोपभर मान्यता मिळाली.

एका अखंड ओंडक्यातून प्रोपेलर न कोरता थर का जोडावेत, याचे उत्तर लाकडाच्या स्वभावात आहे. अखंड लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते, आक्रसते आणि पीळ धरते. शिवाय त्यात दडलेली एखादी गाठ किंवा चीर बाहेरून दिसत नाही. साधारण पाऊण ते एक इंच जाडीच्या निवडक फळ्या एकमेकींवर चिकटवल्या, तर एकीचा पीळ दुसरी रोखून धरते आणि प्रत्येक फळी आधी तपासूनही घेता येते. या काटेकोरपणाची गरज किती होती ते एका साध्या हिशेबावरून कळते: अडीच मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला १,४०० फेरे घेत असेल, तर त्याच्या पात्याचे टोक ताशी सुमारे ६६० किलोमीटर वेगाने जात असते, आणि पात्याच्या प्रत्येक कणाला तुंब्यापासून तुटून बाहेर पडण्याची प्रचंड ओढ असते. तुंबा म्हणजे प्रोपेलरचा मधला जाड भाग; बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागाला मराठीत असलेला हा शब्द येथेही नेमका लागू पडतो.

कारखान्यातील कामाचा क्रम साधारण असा असे. महोगनी, अक्रोड किंवा ॲश या लाकडांच्या सुकवलेल्या फळ्या रंधून पात्याच्या आकारात कापल्या जात आणि उघडलेल्या जपानी पंख्याच्या काड्यांप्रमाणे थोड्या थोड्या तिरक्या रचून, जनावरांच्या कातड्यापासून शिजवलेला गरम सरस लावून, उबदार खोलीत शिकंज्यांत आवळल्या जात. सरस वाळल्यावर तो ठोकळा काही काळ तसाच ठेवला जाई, म्हणजे लाकडातील ताण निवळत असे. पुढे हाताने किंवा यंत्राने जास्तीचे लाकूड काढून पुन्हा विश्रांती दिली जाई. शेवटचा आकार मात्र कुशल सुतार रंधा, तासणी आणि खरवडणीने देत असे. तुंब्यापासून ठरावीक अंतरांवर पात्याची जाडी आणि तिरकेपणा मोजण्यासाठी पत्र्याचे किंवा लाकडाचे फर्मे असत, आणि फर्मा पात्यावर बसवल्यावर फट राहिली तर काम परत येत असे. शेवटी प्रोपेलर एका आसावर आडवा ठेवून दोन्ही पाती समतोल राहतात की नाही हे पाहिले जाई, कारण थोडासाही फरक इंजिनाला हादरे देत असे. तासलेल्या पात्यावर फळ्यांच्या कडा वळणदार रेषांच्या रूपाने उघड्या पडतात. चांगल्या प्रोपेलरच्या दोन्ही पात्यांवर या रेषा सारख्याच अंतराने उमटलेल्या असतात, आणि ही गोष्ट आजही नुसत्या डोळ्यांनी पडताळता येते.

असे काम करू शकणारी माणसे विमानाच्या धंद्यात नव्हतीच, ती फर्निचरच्या धंद्यात होती. युद्धामुळे प्रोपेलरची मागणी वाढली तेव्हा ब्रिटनमध्ये वेब्रिजच्या लँग कंपनीसारख्या खास कारखान्यांबरोबर फर्निचर बनवणाऱ्या पेढ्यांनाही कामे देण्यात आली. इप्सविच येथील टिबेनहॅम ही त्यांपैकी एक होती, आणि पुरुष आघाडीवर गेल्यामुळे अशा कारखान्यांत स्त्रियाही प्रोपेलर घडवू लागल्या. फ्रान्समधील उदाहरण तर अधिक बोलके आहे. मार्सेल ब्लॉक या तरुण अभियंत्याने १९१६ च्या सुमारास ‘एक्लेर’ नावाचा प्रोपेलर आखला आणि तो पॅरिसच्या फोबूर सेंत-आंत्वान या फर्निचरवाल्यांच्या वस्तीतील एका कारखान्यात तयार करवून घेतला. स्पॅड लढाऊ विमानांवर हा प्रोपेलर वापरला गेला. या ब्लॉकनेच दुसऱ्या महायुद्धानंतर दासो हे आडनाव धारण केले. भारतीय हवाई दलाची तुफानी, मिराज आणि राफेल ही विमाने त्याच्याच कंपनीची असून, त्या कंपनीच्या भागीदारीतील एक कारखाना नागपूरच्या मिहान क्षेत्रात उभा आहे. म्हणजे आजच्या एका मोठ्या विमान उद्योगाचा पाया पॅरिसमधील सुतारांच्या कामाच्या मेजावर घातला गेला होता.

प्रोपेलर ओळखण्याचा मुख्य आधार तुंब्यावर ठोकलेली अक्षरे आणि अंक हा होय. लोखंडी ठशांनी लाकडात खोल उठवलेला हा मजकूर कधी तुंब्याच्या दर्शनी भागावर वर्तुळात असतो, तर कधी त्याच्या बाजूच्या सपाट कडेवर, जेथे तो धूळ आणि व्हार्निशाच्या थरांखाली सहज नजरेआड राहतो. प्रकाश एका बाजूने तिरका पाडल्यास किंवा पातळ कागद ठेवून वरून हलक्या हाताने पेन्सिल घासल्यास पुसट अक्षरेही वाचता येतात. ब्रिटिश प्रोपेलरवर साधारणतः आराखड्याचा क्रमांक, इंजिनाचे नाव व अश्वशक्ती, कधी विमानाचे नाव, ‘डी’ या अक्षरापुढे व्यास, ‘पी’ या अक्षरापुढे पिच आणि शेवटी अनुक्रमांक असा मजकूर आढळतो. पिच म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात प्रोपेलर, मऊ लाकडात घुसणाऱ्या स्क्रूप्रमाणे, तत्त्वतः जेवढे अंतर पुढे जाईल ते अंतर. हवा लाकडासारखी घट्ट नसल्याने प्रत्यक्षात विमान त्यापेक्षा कमी पुढे जाते, पण आराखडा करणाऱ्याला हा आकडा अत्यावश्यक असतो. युद्धकाळातील ब्रिटिश प्रोपेलरवर ही मापे बहुधा मिलिमीटरमध्ये असतात.

या खुणांत आराखड्याचा क्रमांक सर्वांत मोलाचा असतो, कारण त्यावरून प्रोपेलर कोणत्या इंजिनासाठी आणि कोणत्या विमानासाठी आखला गेला ते ठरते. ‘टी’ने सुरू होणारे क्रमांक फार्नबरोच्या सरकारी रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीच्या आराखड्यांचे असून, ‘एलपी’ हे लँग कंपनीचे, ‘आयपीसी’ हे इंटिग्रल प्रोपेलर कंपनीचे आणि ‘एबी’ हे युद्धाच्या उत्तरार्धात विमान उत्पादनावर देखरेख करणाऱ्या एअर बोर्डचे चिन्ह आहे. मात्र आराखडा एकाचा आणि घडण दुसऱ्याची, असे तेव्हा सर्रास होत असे. त्यामुळे आराखड्याचे चिन्ह हेच निर्मात्याचे नाव समजणे चूक ठरते. यांखेरीज सरकारी तपासनिसांचे लहान शिक्के असतात, जे लाकूड, सरस आणि समतोल यांची वेगवेगळ्या टप्प्यांवर झालेली तपासणी दाखवतात.

अक्षरे वाचता आली नाहीत तर पात्यांची संख्या आणि फिरण्याची दिशा यांवरूनही बरेच निष्कर्ष काढता येतात. वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पुढचा प्रोपेलर उजव्या हाताचा आणि उलट फिरणारा डाव्या हाताचा मानला जातो. ही दिशा इंजिनाच्या रचनेवर अवलंबून असल्याने तिच्यावरून इंजिनाचा शोध सोपा होतो. हिस्पानो-सुइझा इंजिनाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या इंजिनाच्या सुरुवातीच्या प्रकारात प्रोपेलर थेट दांड्यावर बसे. पुढच्या २०० अश्वशक्तीच्या प्रकारात मध्ये दंतचक्रे आल्याने प्रोपेलरचे फेरे कमी झाले आणि त्याची दिशाही उलटली. म्हणूनच एसई-५ए या ब्रिटिश लढाऊ विमानावर दंतचक्रांच्या इंजिनासाठी बहुधा चार पात्यांचा, आणि वोल्सली व्हायपर या थेट जोडणीच्या इंजिनासाठी उलट दिशेचा दोन पात्यांचा प्रोपेलर दिसतो. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये दहा हवाई विजय मिळवले ते याच एसई-५ए विमानातून. आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये ज्या सॉपविथ डॉल्फिन विमानातून अखेरच्या मोहिमेवर गेले, त्यातही दंतचक्रांचेच हिस्पानो इंजिन होते. भारतीय घरातील एखाद्या प्रोपेलरचा संबंध अशा वैमानिकांशी जोडला जातो, तेव्हा पात्यांची दिशा त्या दाव्याला दुजोरा देते की छेद देते, हे प्रथम पाहावे लागते.

जर्मन प्रोपेलरवर अश्वशक्तीसाठी ‘पीएस’ आणि पिचसाठी ‘श्टायगुंग’ या शब्दाचे संक्षिप्त रूप येते, तर मापे सेंटिमीटरमध्ये दिलेली असतात. मर्सिडीज किंवा बेन्झ अशी इंजिनांची नावेही आढळतात. ॲक्सियल, हायने, व्होल्फ आणि वोटान हे त्या देशातील प्रमुख निर्माते होते, आणि त्यांच्याच बरोबरीने बर्लिनमधील एका कंपनीने आपले नाव गरुड असे ठेवले होते. विष्णूच्या वाहनाचे नाव धारण केलेले हे प्रोपेलर पाहून त्यांचा उगम भारतात शोधण्याचा मोह होऊ शकतो, पण ते सर्वस्वी जर्मन कारागिरीचे आहेत. नाकेबंदीमुळे परदेशी महोगनीची टंचाई झाल्याने जर्मन कारखान्यांनी निरनिराळ्या लाकडांचे थर एकाआड एक लावले, आणि त्यातून गडद-फिकट पट्ट्यांचे जे सौंदर्य निर्माण झाले ते आज सजावट वाटत असले, तरी त्यामागे लाकडाचा तुटवडा होता. अमेरिकेत अक्रोड आणि ओक यांना पसंती होती. ओहायो राज्यातील पिक्वा येथे १९१७ मध्ये सुरू झालेल्या हार्टझेल कंपनीच्या मूळ नावातच अक्रोडाचा उल्लेख होता.

पात्याच्या पुढच्या धारेवर बसवलेले पितळी किंवा तांब्याचे आवरण ही आणखी एक खूण होय. धावपट्टीवरील खडे, गवत आणि पाऊस यांच्या माऱ्यापासून लाकडाचे रक्षण करण्यासाठी ते लावले जाई, आणि त्याच्या टोकाशी दोन-तीन बारीक छिद्रे पाडली जात, जेणेकरून फिरताना आत साचलेला ओलावा बाहेर फेकला जावा. अशी छिद्रे, रिव्हेटांवर घासून गुळगुळीत केलेला डाक आणि तुंब्याच्या पृष्ठभागावर, बोल्टांनी आवळलेल्या लोखंडी तबकडीच्या दाबाने उमटलेले वर्तुळ या गोष्टी प्रोपेलर प्रत्यक्ष वापरात होता असे सुचवतात. बोल्ट ढिले राहिल्यास तबकडी घासून तुंब्याचे लाकूड काळे पडत असे, आणि तो करपलेला भाग आजही ओळखू येतो. उलटपक्षी ज्याच्या तुंब्याला मधले भोक आहे पण बोल्टांची छिद्रेच पाडलेली नाहीत, तो प्रोपेलर कोणत्याही विमानावर कधीच चढला नव्हता, हे निश्चित.

प्रोपेलरसारखी दिसणारी प्रत्येक वस्तू विमान ओढणारी असतेच असे नाही. विमानाच्या बाहेर बसवून वाऱ्याच्या झोताने इंधनाचा पंप किंवा वीजनिर्मितीचे यंत्र चालवणारे लहान लाकडी पंखे त्या काळात वापरात होते. अमेरिकेत शेतांवर वीज बनवणाऱ्या पवनचक्क्यांची लाकडी पाती शेकड्यांनी निघाली. आणि अलीकडे केवळ सजावटीसाठी तयार केलेल्या नकलांवर जुन्या इंजिनांची नावे ठोकलेलीही आढळतात. नकलेचे पाते बहुधा सपाट असते आणि त्याला टोकाकडे क्रमाक्रमाने कमी होत जाणारा पीळ नसतो. खऱ्या पात्याचा तुंब्याजवळचा भाग उभट आणि टोक अधिक चपटे असते, कारण एकाच फेऱ्यात टोकाला तुंब्याजवळच्या भागापेक्षा कितीतरी मोठे वर्तुळ पार करायचे असते.

भारतात असे प्रोपेलर येण्याचे मार्ग ठाऊक आहेत. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरची ३१ क्रमांकाची तुकडी १९१५ च्या अखेरीस मुंबईत उतरून वायव्य सरहद्दीकडे गेली आणि तिची बीई-२सी विमाने रिसालपूरहून उडू लागली. त्यांच्या आरएएफ इंजिनांवर चार पात्यांचे प्रोपेलर असत. युद्धानंतर ब्रिटनने वसाहतींना भेट म्हणून दिलेल्या जादा विमानांपैकी डीएच-९ आणि ॲव्हरो-५०४ ही सुमारे १०० विमाने भारताच्या वाट्याला आली. १९२८ मध्ये मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जुहूच्या मैदानावर मॉथ जातीची हलकी विमाने दिसू लागली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल आणले ते याच जुहूला, पस मॉथ विमानातून. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूर येथील प्रशिक्षण केंद्रांतून भावी वैमानिक टायगर मॉथवर शिकत होते. त्या विमानाचे जिप्सी मेजर इंजिन डाव्या हाताचे असल्याने, डाव्या हाताचा लहान दोन पात्यांचा प्रोपेलर भारतीय घरात सापडला, तर शोध पहिल्या महायुद्धाकडे नेण्यापूर्वी या विमानाचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.

कौटुंबिक कहाणी आणि लाकडावरचा पुरावा यांत मेळ बसत नाही, तेव्हा त्याचे कारण बहुधा युद्धोत्तर व्यापारात असते. प्रोपेलर ही झिजणारी आणि वारंवार बदलली जाणारी वस्तू असल्याने तिचे प्रचंड साठे करून ठेवलेले होते. १९२० मध्ये एअरक्राफ्ट डिस्पोजल कंपनीने ब्रिटिश सरकारकडून दहा लाख पौंडांना जो साठा विकत घेतला, त्यात सुमारे १०,००० विमाने आणि ३०,००० इंजिने होती. अशा शिलकी मालातील प्रोपेलर विकत घेऊन, तुंब्याच्या भोकात घड्याळ बसवून ते अधिकाऱ्यांच्या भोजनगृहांत आणि दिवाणखान्यांत लावण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे एखाद्या वैमानिकाच्या घरातील प्रोपेलर त्याच्या स्वतःच्या विमानाचा नसून नंतर घेतलेला किंवा सहकाऱ्यांनी भेट दिलेला असणे अगदी स्वाभाविक आहे. त्याने कुटुंबाच्या आठवणीचा मान कमी होत नाही. ती आठवण योग्य जागी बसते एवढेच.

अशा प्रोपेलरचे सर्वाधिक नुकसान सद्हेतूने केलेल्या सफाईमुळे होते. पॉलिश पेपरने घासून आणि नवे व्हार्निश चढवून लाकूड झळाळते खरे, पण त्या घासण्यात ठशांच्या कडा, तपासनिसांचे शिक्के, निर्मात्याचे कागदी चित्र आणि व्हार्निशाच्या मूळ लेपाच्या खुणा नाहीशा होतात. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसणे, सर्व बाजूंची छायाचित्रे घेणे, व्यास, तुंब्याची जाडी, मधल्या भोकाचा व्यास आणि बोल्टांच्या वर्तुळाचे माप लिहून ठेवणे, एवढेच सुरुवातीला हितकारक असते. कोकणपट्टीसारख्या दमट हवेत प्रोपेलर उन्हापासून आणि ओलसर भिंतीपासून दूर, आडवा ठेवावा लागतो, कारण उभा ठेवल्यास ओलावा खालच्या पात्यात उतरून समतोल बिघडतो आणि थरांचे जोड सुटू लागतात.

अमेरिकेच्या सिल्व्हेनस रीड यांना धातूच्या प्रोपेलरसाठी १९२५ चा कॉलियर पुरस्कार मिळाला आणि १९३३ मध्ये तोच सन्मान उडताना पिच बदलता येणाऱ्या हॅमिल्टन प्रोपेलरला लाभला. तेव्हापासून मोठ्या विमानांवरचे लाकडाचे राज्य संपत गेले. तरीही १९३८ मध्ये रॉयल एअर फोर्सला मिळालेली पहिली स्पिटफायर विमाने दोन लाकडी पात्यांवरच उडाली, आणि हलक्या विमानांसाठी लाकडी प्रोपेलर आजही बनतात. ही परंपरा विमानविद्येच्या इतिहासात नेहमी इंजिनाच्या आणि वैमानिकाच्या मागे उभी राहिली, कारण फर्मा लावून फट शोधणाऱ्या सुतारांची आणि सरस लावणाऱ्या स्त्रियांची नावे फारच थोड्या ठिकाणी नोंदली गेली. वारशाने आलेला प्रोपेलर ज्याच्या घरात आहे, त्याच्यावर म्हणूनच दुहेरी जबाबदारी येते: तुंब्यावरची अक्षरे जपणे, आणि त्या अक्षरांतून जे निश्चित झाले ते कुटुंबाच्या कहाणीशेजारी, दोन्हींतला फरक स्पष्ट ठेवून, लिहून ठेवणे. अशी नोंद पुढच्या पिढीला आणि संग्रहालयाला मिळाली, तरच ज्यांची नावे उरली नाहीत त्या हातांचे काम इतिहासात आपल्या जागी उभे राहील.